नेपल्सच्या धक्क्यावर एक दिवस: आई-वडिलांना घेऊन काय बघावं, काय सोडावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बार्सिलोनाहून सात रात्रींची क्रूझ आहे. तुम्ही दोघं आणि बरोबर ७१ वर्षांचे वडील, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आई आणि १२ वर्षांची मुलगी. जहाज इटलीतल्या नेपल्सला सकाळी ७ ला लागतं आणि संध्याकाळी ६.३० ला सुटतं. तेवढ्या वेळात ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं प्राचीन पॉम्पेई, तो ज्वालामुखी व्हेसुव्हियस आणि काप्री बेट असं तिन्ही बघायचं मनात आहे. जहाजाच्या सहली महाग वाटतात आणि मित्र म्हणतो, स्वतःच फिरा. शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की आईंचं माहेर धाराशिवचं आहे आणि त्यांना लेणी, जुनी देवळं बघायची फार आवड आहे.

मी एकवीस वर्षं युरोपात मराठी मंडळींचे ग्रुप घेऊन जाते आहे, त्यातली बरीच वर्षं क्रूझचे. नेपल्सच्या धक्क्यावर किती वेळा उतरले असेन याचा हिशेब नाही. तुमचं ते शेवटचं वाक्य वाचलं आणि माझ्या मनात तुमचा दिवस ठरला. काप्री आणि व्हेसुव्हियस सोडून द्या. सकाळी पॉम्पेई बघा, सगळं नाही, अर्धंच. आणि दुपारी नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय. असं का, ते सविस्तर सांगते.

आधी वेळेचा हिशेब. वेळापत्रकात साडेअकरा तास दिसतात, पण ते तुमच्या हातात नसतात. जहाज ७ ला लागलं तरी दोर बांधणं, बंदराची परवानगी, शिडी लावणं यात अर्धा-पाऊण तास जातो. शिवाय आधी जहाजाच्या सहलीवाल्यांना सोडतात. तुम्ही पावणेआठला जमिनीवर पाय ठेवलात तरी चांगलं म्हणायचं. सुटायची वेळ ६.३० असली तर सगळे प्रवासी साधारण सहापर्यंत जहाजावर हवेत. नेमकी वेळ आदल्या रात्री खोलीत येणाऱ्या कागदावर किंवा जहाजाच्या ॲपवर असते, तीच खरी धरायची. आणि माझा स्वतःचा नियम असा की त्या वेळेच्या दीड तास आधी माझा ग्रुप धक्क्यावर असतो. म्हणजे साडेचार. साडेअकराचे पावणेनऊ तास झाले. आता या पावणेनऊ तासांत गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईंना तीन ठिकाणं दाखवायची म्हणजे त्यांचा दिवस गाडीत, रांगेत आणि जिन्यांवर घालवायचा.

काप्रीबद्दल जास्त सांगते, कारण तिचा मोह सगळ्यांना पडतो. बोटी सुटतात तो मोलो बेवेरेल्लो धक्का तुमच्या जहाजाच्या अगदी शेजारी आहे. वेगवान बोटीने पन्नास मिनिटांत बेट. सकाळी समुद्र आरशासारखा असतो, तिकीट काढताना कुणाच्या मनात शंका येत नाही. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये मी चौदा जणांना घेऊन अशीच गेले. ब्लू ग्रोटो ही तिथली प्रसिद्ध समुद्रगुहा त्या दिवशी बंदच होती. गुहेचं तोंड इतकं बुटकं आहे की जरा लाटा आल्या तरी होड्या आत जाऊ शकत नाहीत. दुपारी वारा वाढला आणि परतीच्या वेगवान बोटी एकामागून एक रद्द होत गेल्या. शेवटी संथ चालणाऱ्या मोठ्या फेरीत उभं राहायला जागा मिळाली. ती लागली पलीकडच्या धक्क्याला, तिथून जहाजापर्यंत आम्ही जवळजवळ धावत आलो. शिडी उचलायला बारा मिनिटं होती. ग्रुपमधल्या एका काकूंना रक्तदाबाचा त्रास होता, त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. त्या दिवसानंतर मी एक गोष्ट ठरवली: जहाज पकडायचं असेल त्या दिवशी परतीच्या वाटेत समुद्र ठेवायचा नाही. काप्री बघायची तर सोरेंटोला दोन रात्री राहायला या आणि निवांत बघा.

व्हेसुव्हियसचं कारण वेगळं. डोंगर १,२८१ मीटर उंच आहे. गाडी सुमारे हजार मीटरपर्यंत जाते, पुढे ज्वालामुखीच्या मुखापर्यंत भुसभुशीत खडीवरून वीस-तीस मिनिटांची खडी चढण आहे. चढताना नाही, पण उतरताना ती खडी पायाखालून सरकते आणि ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला नेमकं तेच सोसत नाही. तुम्ही दोघं आणि मुलगी वर जाल, आई-वडील खाली गाडीतळावर ताटकळत बसतील; असा दिवस मला तुमच्यासाठी नको वाटतो. हा डोंगर पॉम्पेईच्या चौकातून समोर उभा दिसतो आणि संध्याकाळी जहाज बाहेर पडताना वरच्या डेकवरून त्याच्याइतकं देखणं दुसरं काही नसतं. मुलीला तेव्हा सांगा की हा मार्च १९४४ मध्ये शेवटचा फुटला.

आता सहल जहाजाची की स्वतःची? यात मी कुणा एका बाजूची नाही. मी बंदर आणि ठिकाण यातलं अंतर बघते. चिव्हितावेक्कियाहून रोम ८० किलोमीटरच्या आसपास, लिव्होर्नोहून फ्लॉरेन्स त्याहून थोडं जास्त. अशा ठिकाणी पहिल्यांदा येणाऱ्यांनी जहाजाची सहल किंवा जहाजाची नुसती जाण्या-येण्याची बस घ्यावी. जहाजाच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबतं, नाहीतर पुढच्या बंदरापर्यंत पोचवायची जबाबदारी त्यांची. स्वतः फिरताना उशीर झाला तर जहाज निघून जातं आणि पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च आपला. बार्सिलोनासारख्या शहरांत मात्र बंदर गावाला लागूनच आहे, तिथे स्वतः फिरणं सोपं.

नेपल्स मधलं आहे. शहर धक्क्याला चिकटलेलं, पॉम्पेई सुमारे २५ किलोमीटरवर. जहाजाच्या सहलीत चाळीस-पन्नास माणसं असतात, मार्गदर्शक पुढे चालतो, मागचे पळतात. बऱ्याच सहलींत कोरीव शंखांच्या कॅमिओ दागिन्यांच्या दुकानात अर्धा तास जातो. आईंची चाल लक्षात घेता मी तुम्हाला तिसरा मार्ग सुचवेन: तुम्ही पाच जण आहात, तर चालकासह मोठी गाडी दिवसभरासाठी आधीच ठरवा. नेहमीच्या टॅक्सीत पाच जण बसत नाहीत. धक्क्याबाहेरच्या अधिकृत पांढऱ्या टॅक्सींतही मोठ्या गाड्या असतात आणि पॉम्पेईला जाऊन-येऊन ठरलेला दर असतो, पण तो निघण्याआधीच मागावा लागतो. ‘तारिफ्फा प्रेदेतेर्मिनाता’ हे शब्द पाठ करून ठेवा. गाडी सुरू झाल्यावर मीटर पडला की तो दर लागू होत नाही.

ट्रेनचंही सांगते, कारण तुमचा मित्र तेच सुचवणार. चिर्कुमव्हेसुव्हियाना ही स्थानिक गाडी गारिबाल्दी स्थानकावरून, म्हणजे मुख्य रेल्वे स्टेशनच्या खालून जाते. ३५-४० मिनिटांत ‘पॉम्पेई स्काव्ही – व्हिला देई मिस्तेरी’ स्टेशन येतं. नाव पूर्ण वाचा. पॉम्पेई नावाची दुसरी स्टेशनंही आहेत आणि ती आजच्या गावात आहेत, अवशेषांच्या या दारापासून लांब. गाडी स्वस्त आहे, पण सकाळी मुंबईच्या लोकलसारखी भरते आणि पाकीटमार नेमके हेच डबे निवडतात. वयस्कर माणसं असतील तर एक थांबा आधी, पोर्ता नोलाना इथून बसावं. गाडी तिथूनच सुटते, बसायला जागा मिळते. तुम्ही दोघंच असतात तर मी ट्रेनच सांगितली असती. आणखी एक: इटलीत संप आधी जाहीर होतात आणि बऱ्याचदा ते शुक्रवारी असतात. ‘शोपेरो’ हा शब्द स्टेशनवर चिकटवलेला दिसला की आपला बेत बदलायचा. जायच्या आठवड्यात संपांची सरकारी यादी इंटरनेटवर बघून ठेवा.

आता पॉम्पेई. तुम्ही बहुतेक पोर्ता मारीनाच्या मुख्य दाराचं वाचलं असेल. सगळ्या सहली तिथूनच शिरतात. तिथे सुरुवातच दगडी चढणीने होते आणि दगड शतकानुशतकांच्या वर्दळीने गुळगुळीत झालेत. आईंना तिथून नेऊ नका. चालकाला ‘पियाझ्झा आनफितेआत्रो’ सांगा. हे पूर्वेकडचं दार. इथून ‘पॉम्पेई पेर तुत्ती’ म्हणजे ‘सर्वांसाठी पॉम्पेई’ ही वाट सुरू होते. व्हीलचेअरवाल्यांना आणि कमी चालू शकणाऱ्यांना जाता यावं म्हणून २०१६ मध्ये ती तयार केली. उंच पायऱ्या आणि खड्डे टाळून ती तुम्हाला थेट फोरम या मुख्य चौकापर्यंत नेते. सगळी वाट तीन किलोमीटरहून जास्त आहे, पण इकडेतिकडे न वळता गेलं तर फोरमपर्यंतचं अंतर एक किलोमीटरच्या आसपास. गाडी पलीकडच्या दाराशी बोलवायची, म्हणजे परत तेच अंतर चालावं लागत नाही.

तिकिटं निघण्याआधीच घ्या. २०२४ च्या नोव्हेंबरपासून दिवसाला २०,००० लोकांनाच आत सोडतात आणि तिकिटावर प्रत्येकाचं नाव असतं. पासपोर्टवर आहे तसंच नाव टाका. अठराखालच्यांना प्रवेश फुकट आहे, पण मुलीचंही शून्य किमतीचं तिकीट काढावंच लागतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनाच फुकट असतं आणि त्या दिवशी आत जत्रा भरते. ३० बाय ३० बाय १५ सेंटिमीटरपेक्षा मोठी पिशवी आत नेता येत नाही, म्हणून पाठीवरची मोठी सॅक जहाजावरच ठेवा. दारं ९ ला उघडतात. ८ वाजता धक्का सोडलात तर पावणेनऊला तुम्ही दाराशी असाल आणि पहिला तास, ऊन चढायच्या आधीचा, तुमचा असेल. आत सावली जवळजवळ नाही. टोपी, पाण्याची रिकामी बाटली घ्या. जागोजागी पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. आईंसाठी बसायची सोय असलेली घडीची काठी मिळते, ती पुण्यातूनच घेऊन या. त्या काठीने माझ्या कितीतरी ग्रुपमधल्या आज्यांचा दिवस वाचवलाय.

आत शिरल्यावर पहिलं भेटतं ते अँफिथिएटर, म्हणजे झुंजींच्या खेळांचं रिंगण. इसवी सन पूर्व ७० च्या सुमारास बांधलेलं, २०,००० माणसं बसतील एवढं, आणि दगडी बांधणीतली जी अशी रिंगणं आज उभी आहेत त्यांतलं सर्वांत जुन्यांपैकी एक. इसवी सन ५९ मध्ये इथे खेळ चालू असताना पॉम्पेईचे लोक आणि शेजारच्या नुचेरियाचे लोक यांच्यात दंगल पेटली, माणसं मेली, आणि रोमने या गावात असे खेळ भरवायला दहा वर्षं बंदी घातली. मुलीला हे इथेच, मधल्या मातीत उभं करून सांगा. दुपारी संग्रहालयात याच दंगलीचं त्या काळी रंगवलेलं भित्तिचित्र तिला स्वतः शोधू दे. सकाळी उभी राहिलेली जागा दुपारी दोन हजार वर्षांपूर्वीच्या चित्रात सापडली की बारा वर्षांच्या मुलाच्या तोंडावर जे उमटतं ते मी अनेकदा पाहिलंय. त्यासाठी मी हा क्रम कधी बदलत नाही.

जवळच ‘पळून जाणाऱ्यांची बाग’ आहे. तिथे तेरा माणसांचे प्लास्टरचे साचे काचेमागे आहेत, त्यात मुलंही आहेत. राखेत गाडलेली शरीरं कुजून गेली आणि राख कडक झाल्याने आत त्यांच्या आकाराच्या पोकळ्या राहिल्या. त्यात प्लास्टर ओतायची पद्धत १८६३ मध्ये पुरातत्त्वज्ञ ज्युसेप्पे फिओरेल्ली यांनी सुरू केली. हे पुतळे नाहीत, माणसांचे शेवटचे क्षण आहेत. मुलीला आधी कल्पना द्या आणि तिला नको असेल तर आग्रह करू नका. इथे फोटोसाठी हसत उभं राहणारे लोक दिसतात तेव्हा मला वाईट वाटतं. माझ्या ग्रुपला मी दाराबाहेरच सांगते की आत शांत राहायचं, एखाद्या घरी दुःख भेटायला गेल्यासारखं.

तिथून व्हिया देल्ल’आब्बोंदान्झा हा मुख्य रस्ता पकडायचा. रस्त्यात मधोमध उंच चपटे दगड दिसतील. रस्त्यावरून पाणी आणि घाण वाहायची, तेव्हा पाय न भिजवता पलीकडे जाण्यासाठी ते ठेवले होते, आणि गाडीची चाकं मधून जातील एवढं अंतर राखलेलं होतं. चाकांनी दगडात पडलेल्या चाकोऱ्या अजून हाताला लागतात. ‘चाकोरी’ हा शब्द आपण रोज वापरतो. वडिलांना तो इथे वाकून हाताने चाचपता येईल.

या रस्त्याने जाताना डावीकडे एका दाराशी आईंना थांबवा. पुरातत्त्वाच्या क्रमांकाप्रमाणे ते पहिल्या विभागातलं, आठव्या गटातलं पाचवं दार. घराचं नाव ‘भारतीय मूर्तीचं घर’. आत जाता येईलच असं नाही, आणि बाहेरून तर काहीच खास दिसत नाही. सहलीचा एकही मार्गदर्शक तिथे थांबत नाही. तरी थांबा, दोन मिनिटं बघा, आणि का ते दुपारी कळेल एवढंच त्यांना सांगा. तिथून दोन-तीन दारांच्या अंतरावरच वेतुतियस प्लासिडस या माणसाचं खाण्याचं दुकान आहे. दगडी कट्टा, त्यात बसवलेले रांजण, मागच्या भिंतीवर रंगवलेला देव्हारा. रस्त्यावरून जाणारा माणूस उभ्या उभ्या खाऊन पुढे जायचा. यातल्या एका रांजणात जवळजवळ तीन किलो नाणी सापडली. गावाच्या नाक्यावरच्या आपल्या हॉटेलाच्या गल्ल्याची आठवण होईल. देव्हाऱ्याकडे आईंचं लक्ष आधी जाईल, हे मी पैजेवर सांगते.

पुढे स्ताबियाई स्नानगृहं आहेत. जमीन विटांच्या छोट्या खांबांवर उचलून खालून गरम हवा खेळवायची योजना तिथे उघडी पडलेली दिसते. मग फोरम, गावाचा मुख्य चौक, आणि ज्युपिटरच्या देवळामागे व्हेसुव्हियस. जवळच एक उपाहारगृह आणि स्वच्छतागृह आहे. आत स्वच्छतागृहं मोजकीच आहेत, तेव्हा इथे जाऊनच घ्या. फोरमला पोचेपर्यंत साडेअकरा होतील. अजून बरंच राहिलेलं असेल, कारण गाव ६६ हेक्टरचं आहे आणि त्यातलं दोन तृतीयांशच आजवर खणलंय. राहू दे. आई दमल्या नसतील तर आणखी एखादं घर, नाहीतर थेट बाहेर. पोर्ता मारीनाकडे उतरताना जुन्या दगडी उतारावरून न जाता अँटिक्वेरियम या तिथल्या छोट्या संग्रहालयाच्या बाजूची सोपी वाट धरा.

एक गोष्ट वडिलांसाठी. उद्रेकाची तारीख बहुतेक जण इसवी सन ७९, २४ ऑगस्ट सांगतात. २०१८ मध्ये एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली ओळ सापडली, तीत ऑक्टोबरच्या मध्यातली तारीख आहे. कोळशाचं लिखाण फार टिकत नाही, म्हणून ते त्याच वर्षीचं असावं आणि उद्रेक शरद ऋतूत झाला असावा असं आता बरेच अभ्यासक मानतात. मार्गदर्शक घेणार असाल तर परवान्याचं ओळखपत्र गळ्यात असलेलाच घ्या. स्टेशनबाहेर ‘माहिती केंद्र’ म्हणून बोलावणारे बरेचदा खासगी सहली विकत असतात.

जेवण नेपल्समध्ये. संग्रहालयाच्या आसपासच्या गल्ल्यांत कुठेही साधा पिझ्झा चांगलाच मिळतो. या शहराच्या पिझ्झा भाजणाऱ्यांच्या कलेला २०१७ मध्ये युनेस्कोने वारसा म्हणून मान्यता दिली आहे. शाकाहारी असाल तर मार्गारिता किंवा मारिनारा मागा. मारिनारात चीज नसतं, टोमॅटो, लसूण आणि तेल असतं. ‘नापोली’ नावाचा पिझ्झा मात्र घेऊ नका, त्यावर खारवलेले छोटे मासे असतात, आणि नाव बघून आपली माणसं नेमका तोच मागवतात. स्फोल्यातेल्ला हा इथला पापुद्र्यांचा गोड पदार्थ काचेमागे फार सुंदर दिसतो, पण त्यात पारंपरिक पद्धतीने डुकराची चरबी घालतात. तुम्हाला चालत नसेल तर विचारून घ्या; ‘स्त्रुत्तो’ हा त्या चरबीचा शब्द. जहाजाच्या न्याहारीतली फळं, सँडविच खाली नेऊ नका, बऱ्याच बंदरांवर ते चालत नाही. घरून आणलेला बंद पाकिटातला चिवडा, खाकरा पिशवीत असू द्या. आईंना भूक लागेल ती जेवणाच्या वेळेआधी.

आणि मग संग्रहालय. नेपल्सचं राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय मंगळवारी बंद असतं. तुम्ही वार लिहिलेला नाही, तो आधी बघा. मंगळवार असेल तर बेत बदलावा लागेल. दुपारी जुन्या शहरात फिरायचं आणि हे सोडायचं. मंगळवार नसेल तर दीडला आत जा, साडेतीनपर्यंत रहा. पॉम्पेईतून निघालेलं सगळं चांगलं इथे आहे: चित्रं, मोझेक, घरातली भांडी. दंगलीचं ते चित्र मुलीला शोधायला लावा आणि तुम्ही आईंना घेऊन ‘गाबिनेत्तो सेग्रेतो’ म्हणजे गुप्त दालनाकडे जा. हे दालन कामविषयक चित्रं आणि मूर्तींचं आहे. १४ खालच्या मुलांना मोठ्यांबरोबरच सोडतात, तेव्हा मुलीला न्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. ते उघडं आहे का, हे आत शिरतानाच तिकीट खिडकीवर विचारा.

तिथे एका काचेमागे हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे. उंची जेमतेम वीतभर, २५ सेंटिमीटरच्या आसपास. अंगावर फक्त दागिने: पायांत तोडे, हातांत कोपरापर्यंत बांगड्या, गळ्यात माळा, कमरेला मेखला. दोन्ही बाजूंना दोन लहान दासी. १९३८ मध्ये पुरातत्त्वज्ञ अमेदेओ मायुरी यांना ती सकाळी पाहिलेल्या त्या घरात सापडली. तेव्हा तिला लक्ष्मी म्हटलं गेलं, आज बहुतेक जण यक्षी म्हणतात. डोक्यातून खाली एक भोक पाडलेलं आहे, त्यामुळे ती आरशाची मूठ किंवा छोट्या चौरंगाचा पाय असावी असा तर्क आहे. ७९ साली व्हेसुव्हियस फुटला त्याआधी ही बाई भारतातून इथे आली होती, एवढं नक्की.

भारतात कुठून? इथेच आईंचं माहेर येतं. हिच्यासारख्याच हस्तिदंती स्त्रीमूर्ती दोन ठिकाणी सापडल्या आहेत: जालना जिल्ह्यातलं भोकरदन आणि धाराशिव जिल्ह्यातलं तेर. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी नेपल्सची मूर्ती भोकरदनला, म्हणजे जुन्या भोगवर्धनात घडली असावी असं मांडलं. तळाशी खरोष्ठी या वायव्येकडच्या लिपीतलं अक्षर असल्याने काही अभ्यासक वायव्येकडे बोट दाखवतात, तेव्हा वाद मिटलेला नाही. पण तेर म्हणजे तगर हे गाव रोमच्या व्यापाऱ्यांना ठाऊक होतं यात शंका नाही. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक नावाड्याच्या टिपणात पैठण आणि तगर ही दोन्ही नावं आहेत आणि तिथला माल गाड्यांतून भडोचच्या बंदरावर जायचा असं लिहिलंय. सातवाहनांचे दिवस ते. उलट दिशेने आलेलं बघायचं तर कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची मूर्ती आहे, ती तिथल्या टाऊन हॉल संग्रहालयात ठेवलेली आहे.

मी पहिल्यांदा ही मूर्ती पाहिली तेव्हा माझ्या ग्रुपमध्ये लातूरच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्या काचेजवळ गेल्या, बांगड्या मोजल्या, आणि म्हणाल्या, ‘ही आपल्याकडची आहे, बघा उभी कशी आहे.’ नंतर बसमध्ये त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. तेव्हापासून मराठवाड्यातलं कुणी माझ्या ग्रुपमध्ये असलं की मी काप्रीचं नाव काढत नाही.

परतीचा शेवटचा टप्पा गाडीवर ठेवू नका. दुपारी नेपल्सची रहदारी तुंबते. गाडी संग्रहालयाशी सोडा आणि समोरच्या ‘म्युझिओ’ स्थानकातून मेट्रोची १ क्रमांकाची लाइन घ्या. दान्ते, तोलेदो, मग मुनिचिपियो. वेळ असेल तर तोलेदोला उतरून ते निळ्या मोझेकचं स्टेशन बघा, पुढच्या गाडीने जा. मुनिचिपियोला वर आलात की समोर जुना किल्ला आणि त्यापलीकडे तुमचं जहाज दिसतं, चालत दहा मिनिटं. साडेचारला तुम्ही तिथे असाल.

जहाजाचं कार्ड आणि पासपोर्टची प्रत प्रत्येकाच्या स्वतःच्या खिशात हवी, एकाच्याच पिशवीत सगळ्यांची नको. काही जहाजं मूळ पासपोर्ट ठेवून घेतात, तेव्हा आदल्या दिवशी विचारून घ्या. रोजच्या कागदावर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर छापलेला असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. जहाज चुकलं तर पहिला फोन त्याला करायचा. शिडी चढण्याआधी फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर तो जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला जोडला जातो आणि बिल घरी आल्यावर कळतं. तुमच्या मार्गात शेंगेनबाहेरचा, म्हणजे युरोपच्या सामाईक व्हिसात न येणारा देश असेल तर व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना, हेही आताच तपासा.

आणि निघण्याआधी आईंचं माहेरी जाणं होणार असेल तर त्यांना तेरला नेऊन आणा. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात तिथे सापडलेली हस्तिदंती मूर्ती आहे. उघडं कधी असतं ते आधी गावात विचारा. ती पाहून मग त्या नेपल्सला गेल्या, तर काचेसमोर तुम्हाला त्यांना काही समजावून सांगावं लागणार नाही.